आम्लात राहूनही कॅन्सरची पेशी मरत का नाही? चॅनेल, पंप आणि संप्रेरकांचा हिशेब

प्रश्न असा आहे: "मी पुण्यात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी एमसीएफ-7 (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या) पेशी आम्लधर्मी माध्यमात ठेवून त्यांवर इस्ट्रोजेनचा परिणाम पाहायचा आहे. गाठीभोवती आम्लता असते असे वाचते, आम्लतेने पेशी मरतात असेही वाचते. मग कॅन्सरच्या पेशी मरत का नाहीत? आयन चॅनेल आणि संप्रेरके यात नेमके काय करतात? आणखी एक. माझी मावशी स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनला अडवणारे औषध घेते. सोसायटीतल्या कुणीतरी तिला रोज खायचा सोडा घातलेले पाणी प्यायला सांगितले आहे. त्यात काही तथ्य आहे का?"

मावशींचे शेवटी सांगतो. घाई असेल तर आधी तेवढेच वाचा, बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल.

"आम्लता" असे मोघम म्हटले की गोंधळ सुरू होतो. पेशीपटलाच्या बाहेरचा पीएच (तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) आणि आतला पीएच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेशीचे मरणे-जगणे बऱ्याच अंशी या दोहोंतल्या फरकावर ठरते. निरोगी ऊतीत बाहेर साधारण 7.4 आणि आत 7.2 असतो. घट्ट गाठीत हे उलटते. बाहेर 6.5 ते 6.9, आत मात्र 7.2 किंवा त्याहूनही किंचित वर. म्हणजे आम्लात राहते ती गाठ. गाठीतल्या पेशीचे अंतरंग आम्लधर्मी नसतेच. घरातला केर अंगणात लोटून घर लख्ख ठेवावे, तसे तिचे चाललेले असते.

हा केर येतो कुठून? ओट्टो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखवले की ऑक्सिजन उपलब्ध असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोज अर्धवट मोडून लॅक्टेट बनवतात. यामागे श्वसनयंत्रणा बिघडलेली असते हा त्यांचा तर्क बहुतेक गाठींच्या बाबतीत टिकला नाही, निरीक्षण टिकले. पण सगळा दोष लॅक्टेटवर टाकू नका. ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज मोडण्याची ही वाट, बंद पाडलेल्या पेशींपासून वाढवलेल्या गाठीही आम्लधर्मीच निघतात, कारण कार्बन डायऑक्साइड तर तयार होतोच, आणि वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांना तो वेळेवर वाहून नेणे जमत नाही.

आतला पीएच वर ठेवायला पेशीकडे मोठी फौज असते. एनएचई-1 हा अदलाबदल करणारा प्रथिन-पंप एक सोडियम आत घेऊन एक प्रोटॉन बाहेर टाकतो. एमसीटी-4 लॅक्टेट आणि प्रोटॉन जोडीने बाहेर सोडतो. कार्बोनिक अनहायड्रेज-9 हे विकर (एन्झाइम) पटलाच्या बाहेरच्या अंगाला बसून कार्बन डायऑक्साइडचे बायकार्बोनेट आणि प्रोटॉन करते. त्यातले बायकार्बोनेट पेशी परत आत ओढते, प्रोटॉन बाहेरच राहतो. यातला एखादा दुवा तुटला तर आम्ल आत साचते, आणि मग मरणाची तयारी झपाट्याने होते. सायटोक्रोम-सी हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियातून (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातून) बाहेर पडल्यावर कॅस्पेझ ही पेशीला आतून तोडणारी विकरे जागी होण्याची क्रिया नळीतल्या प्रयोगात 6.3 ते 6.8 या पीएचला सर्वांत जोमाने चालते, असे 2000 साली दाखवले गेले. पेशीच्या आतला पीएच 7.2 वरून 6.8 ला येणे ही तिच्या दृष्टीने मोठी पडझड आहे. म्हणूनच बाहेरचे आम्ल किती, यापेक्षा ते आत किती झिरपले हे आधी विचारावे.

आता चॅनेल, म्हणजे पेशीपटलातून आयनांना (भारित कणांना) ये-जा करू देणारी प्रथिनांची दारे. पेशी दोन ढंगांनी मरू शकते आणि दोन्हींत मीठ-पाण्याची दिशा उलट असते. अपोप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशीच्या शिस्तशीर मरणात, पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर जातात, मागोमाग पाणी जाते, पेशी आकसते. आत पोटॅशियम 140 मिलिमोलच्या आसपास असेतो कॅस्पेझांची यंत्रणा दबलेली राहते. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) पेशींमध्ये मोजल्यावर आकसलेल्या पेशींतले पोटॅशियम चौथाईवर आलेले दिसले. नेक्रोसिसमध्ये सोडियम आणि क्लोराइड आत शिरतात, पाणीही शिरते, पेशी फुगते आणि फुटते. फुटलेली पेशी आजूबाजूला दाह माजवते, आकसलेली पेशी शेजारी मुकाट्याने गिळून टाकतात. तेव्हा प्रयोगात "मेल्या" एवढेच लिहून भागत नाही. कशा मेल्या ते लिहावे लागते.

आम्लाने होणाऱ्या नेक्रोसिसची गोष्ट मला या विषयातली सर्वांत रंजक वाटते. पॅच क्लॅम्प (चॅनेलमधून जाणारा विद्युतप्रवाह मोजण्याचे तंत्र) करणाऱ्यांना अनेक वर्षे माहीत होते की बाहेरचे द्रावण पुरेसे आम्लधर्मी केले की जवळजवळ कोणत्याही मानवी पेशीत एक क्लोराइड प्रवाह उसळतो. तो सापडलेल्या प्रत्येक गटाने त्याला आपापले नाव दिले. 2007 मध्ये जपानमधल्या ओकादा यांच्या गटाने मानवी एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींत दाखवले की हा प्रवाह आणि आम्लामुळे होणारे फुगून मरणे यांचा संबंध आहे. चॅनेल अडवणारी रसायने घातली की पेशी वाचत होत्या. पण प्रथिन कोणते, जनुक कोणते, याचा पत्ता नव्हता. तो लागला 2019 मध्ये, दोन गटांना जवळपास एकाच वेळी: टीएमईएम-206 नावाचे जनुक. आता चॅनेलला पीएसी म्हणतात. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मेंदूचा रक्तपुरवठा अडल्यावर होणारी हानी कमी झाली, म्हणजे मामला केवळ काचेच्या थाळीपुरता नव्हता.

इथवर वाचून उत्साही विद्यार्थी म्हणतो, मग गाठीत हे चॅनेल उघडले की काम झाले! थांबा. खोलीच्या तापमानाला पीएसी उघडायला पीएच साडेपाचच्या खाली जावा लागतो. 37 अंशांना ती मर्यादा सहाच्या आसपास सरकते. गाठीतला पीएच 6.5 ते 6.9. म्हणजे बहुतांश गाठीत हे चॅनेल पेशीच्या पृष्ठभागावर जवळजवळ बंदच असते, रक्त न पोचणाऱ्या गाभ्याचा अपवाद सोडला तर. त्याचे रोजचे काम बहुधा एंडोसोममध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेला माल वाहणाऱ्या पेशीतल्या पिशव्यांमध्ये, आहे. तिथला पीएच खरोखर तेवढा खाली असतो आणि तो फार घसरू न देण्यात पीएसीचा वाटा असतो. पीएच 4.5 किंवा 5 ला केलेला प्रयोग वाचून गाठीबद्दल निष्कर्ष काढलेला दिसला की मी तो निबंध तिथेच बाजूला ठेवतो. अशा कामात आधी साहित्य-पद्धतींचा भाग उघडावा आणि पीएच, तापमान, बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रव्य) हे तीन तपशील शोधावेत. सारांश नंतर वाचला तरी चालतो.

गाठीच्या पट्ट्यात खरोखर हलणारी चॅनेल वेगळी आहेत. एएसआयसी-1ए हे आम्ल जोखणारे सोडियम चॅनेल 1997 मध्ये क्लोन झालेल्या कुटुंबातले. ते पीएच 7 च्या खाली उघडू लागते आणि काही प्रमाणात कॅल्शियमही आत सोडते. पण त्याची एक खोड आहे: आम्ल तसेच राहिले की ते काही सेकंदांत पुन्हा मिटते, आणि पीएच आधीपासूनच 7.2 च्या आसपास असेल तर निम्मे चॅनेल उघडण्यापूर्वीच निकामी झालेले असतात. गाठीतली आम्लता आठवडेच्या आठवडे टिकते. त्यामुळे रक्ताचा प्रवाह थांबून-चालू होताना पीएच अचानक हलतो, तेव्हाच याला वाव. गंमत म्हणजे चेतापेशींत हेच प्रथिन आयन न सोडताही मारू शकते, कारण ते आपल्या आतल्या शेपटाने आरआयपीके-1 या प्रथिनाला जवळ ओढून नेक्रोप्टोसिस, म्हणजे नेक्रोसिससारखे पण पेशीने स्वतः घडवलेले मरण, सुरू करते. चॅनेलचा छिद्र-रोधक घालून "परिणाम नाही, म्हणजे चॅनेलचा हात नाही" असे लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे आहे ते टास्क-3 हे पोटॅशियम चॅनेल. पोटॅशियमला बाहेर गळू देणे हे त्याचे नित्याचे काम. बाहेरचा पीएच 7.4 वरून 6.7 च्या आसपास आला की ते निम्मे बंद होते, म्हणजे बरोबर गाठीच्या पट्ट्यात. आता वरचा हिशेब जोडून पाहा. आम्लतेने पोटॅशियमची एक वाट अरुंद झाली, आतले पोटॅशियम टिकले, की कॅस्पेझ दबलेलेच राहतात. ही एकच वाट नाही, त्यामुळे यावरून सरसकट विधान करू नये. पण आम्लता मारण्याऐवजी तारतेही कशी, हे इथे दिसते. टास्क-3 चे जनुक स्तनाच्या काही गाठींमध्ये नेहमीपेक्षा जास्त प्रतींमध्ये सापडले, हे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

संप्रेरकांकडे वळू. संप्रेरक काढून घेतले की पेशी मरतात हे चॅनेलच्या कितीतरी आधी माहीत होते. बीटसन यांनी 1896 मध्ये अंडाशय काढून स्तनाच्या कॅन्सरवर परिणाम दाखवला. हगिन्स यांनी 1941 मध्ये प्रोस्टेटच्या बाबतीत पुरुष-संप्रेरकांचे दाखवले आणि 1966 चे नोबेल मिळवले. अपोप्टोसिस ही कल्पना 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी मांडली, तेव्हा त्यामागच्या निरीक्षणांत संप्रेरकाचा पुरवठा तुटल्यावर झडणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीच्या पेशीही होत्या.

संप्रेरके दोन वेगांनी काम करतात. संथ वाट जनुकांची. इस्ट्रोजेन ग्राहीला (त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, तास-दिवसांत प्रथिनांची संख्या बदलते. बीसीएल-2 हे मरण अडवणारे प्रथिन इस्ट्रोजेनमुळे वाढते, त्यामुळे आम्ल आत झिरपले तरी मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी सहजी सुटत नाही. कॉर्टिसोल आणि त्याच्या भाऊबंदांचे उदाहरण आणखी बोलके आहे. ते एसजीके-1 नावाचे किनेज (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे विकर) वाढवतात. हे किनेज ईनॅक (ENaC) या सोडियम चॅनेलला कचऱ्यात टाकणाऱ्या प्रथिनाला आवरते, आणि चॅनेल पटलावर जास्त काळ टिकते. याच भाऊबंदांपैकी डेक्सामेथासोन लिम्फोसाइटमध्ये पोटॅशियम गळवून पेशी मारते, आणि म्हणून ते ल्युकेमिया व मायलोमाच्या उपचारात वापरतात. अनेक एपिथेलियल पेशींत मात्र ते मरणापासून वाचवते. संप्रेरक तेच, पेशी बदलली की निकाल फिरला. म्हणून "अमुक संप्रेरक आम्लात पेशी वाचवते की मारते" हा प्रश्न पेशीचे नाव घेतल्याशिवाय विचारूच नये.

वेगवान वाट सेकंद-मिनिटांची. थायरॉइडचे टी-4 पटलावरच्या इंटेग्रिन एव्ही-बीटा-3 ला चिकटून संकेत पाठवते, आणि थायरॉइड संप्रेरके एनएचई-1 ला वेग देतात हे स्नायूपेशींत दिसले आहे. इन्सुलिन आणि वाढघटकही एनएचई-1 चालवतात. म्हणजे इथे संप्रेरक मरणाला थेट हात लावत नाही, आतला पीएच वर उचलून ते मरण लांबवते. स्टेरॉइड थेट चॅनेललाही चिकटू शकतात. इस्ट्राडायॉल मॅक्सी-के या पोटॅशियम चॅनेलच्या बीटा उपघटकाला चिकटते हे 1999 मध्ये दिसले. प्रेग्नेनोलोन सल्फेट हे मेंदूतही बनणारे स्टेरॉइड वर सांगितलेल्या पीएसी प्रवाहाला अडवते.

हे सगळे वाचून हुरळून जाण्याआधी मात्रा पाहा. इस्ट्राडायॉलचा मॅक्सी-के वरचा तो थेट परिणाम मायक्रोमोलच्या मात्रेला मिळतो. रक्तात ते नॅनोमोल किंवा त्याहून कमी असते. हजारपटींचा फरक आहे. टॅमॉक्सिफेन आकारमान सांभाळणाऱ्या क्लोराइड चॅनेलला अडवते, हे पाठ्यपुस्तकांतही आहे. पण त्यासाठी काही मायक्रोमोल लागतात. रोजच्या 20 मिलिग्रॅम गोळीवर रक्तात ते साधारण 0.3 मायक्रोमोल असते. ऊतीत साठते हे खरे, तरी थाळीतला आकडा रुग्णाच्या अंगावर तसाच चिकटवता येत नाही. तेच क्लोराइड चॅनेल, म्हणजे एलआरआरसी-8 कुटुंब, सिसप्लाटिन हे कॅन्सरचे औषध पेशीत शिरण्याची एक वाट आहे, हे 2015 मध्ये कळले. मला तरी चॅनेलचा रुग्णाशी असलेला संबंध अशा ठिकाणी जास्त खरा वाटतो.

औषधे आणि आम्लता यांचा साधा रसायनशास्त्रातला संबंधही आहे, त्याला चॅनेल लागतच नाही. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचे औषध सौम्य आम्लारी (बेस) आहे. पटल ओलांडतो तो त्याचा विद्युतभार नसलेला भाग. पीएच 7.4 वरून 6.6 वर आला की हा भाग साधारण सहाव्या हिश्शावर येतो, औषध गाठीच्या दारात अडकते. पू झालेल्या दाढेला भुलीचे इंजेक्शन नीट लागत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता तुमचा प्रकल्प. एमसीएफ-7 पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीसंग्रहातून मिळतात. पण या पेशींत कॅस्पेझ-3 नसतो, त्याचे जनुक तुटलेले आहे. म्हणून कॅस्पेझ-3 चे किट लावून "अपोप्टोसिस नाही" असे लिहू नका, आणि डीएनएची शिडीही (अपोप्टोसिसमध्ये डीएनएचे तुकडे पडून दिसणारे पट्टे) फारशी दिसणार नाही. अॅनेक्सिन-व्ही आणि प्रॉपिडियम आयोडाइड ही मरणाचा प्रकार ओळखणारी द्रव्ये एकत्र लावा, जमल्यास पेशीचे आकारमानही मोजा.

दुसरी गोष्ट फिनॉल रेडची. माध्यमाचा लाल-पिवळा रंग पाहून पीएच कळतो म्हणून आपल्याला तो सोडवत नाही. पण 1986 मध्येच लक्षात आले की फिनॉल रेड घातलेले माध्यम एमसीएफ-7 ला सौम्य इस्ट्रोजेनसारखे वागवते. पुढे दोष त्यातल्या भेसळीचा निघाला, पण तुमच्या प्रयोगासाठी परिणाम तोच. बाटलीत इस्ट्रोजेन आधीच असेल तर तुम्ही घातलेल्याचा फरक दिसणार कसा? फिनॉल रेड नसलेले माध्यम आणि कोळशाने स्टेरॉइड काढलेला सीरम घ्या, आणि पेशींना त्यात दोन-तीन दिवस बसवून मगच सुरुवात करा.

तिसरी गोष्ट, हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पीएच 6.6 करू नका. बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि इन्क्युबेटरमध्ये पीएच आपला सरकत राहतो. 5 टक्के कार्बन डायऑक्साइडला 7.4 साठी साधारण 23 मिलिमोल बायकार्बोनेट लागते, 6.6 साठी साडेतीन-चार. बायकार्बोनेट त्या हिशेबाने कमी करा, जोडीला पाइप्स हा बफर घ्या, आणि सोडियम क्लोराइड घालून ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचे एकूण प्रमाण) जुळवा. हे शेवटचे बरेचजण विसरतात. मग पेशी पातळ द्रावणामुळे फुगतात आणि दोष आम्लाला जातो. (पुणे 560 मीटर उंचीवर असल्याने त्या 5 टक्क्यांचा दाब समुद्रसपाटीपेक्षा थोडा कमी पडतो, पण त्याने पीएचमध्ये 0.03 एवढाच फरक होतो. त्यावर झोप उडवू नका.) प्रयोगाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा पीएच मोजा. बीसीईसीएफ रंगद्रव्याने आतला पीएच मोजता आला तर तुमचा प्रकल्प इतरांपेक्षा वेगळा ठरेल, कारण मग इस्ट्रोजेनने पेशी वाचवली ती आम्ल आत न येऊ देऊन, की आत आलेले आम्ल सोसून, हे सांगता येईल. एनएचई-1 चा रोधक कॅरिपोराइड घातलेली एक थाळी ठेवा, हा फरक तिथेच उघडा पडेल. औषध म्हणून कॅरिपोराइड वापरण्याचा विचार मात्र हृदयरुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत मेंदूच्या झटक्यांनी होणारे मृत्यू वाढल्यावर मागे पडला.

आता मावशी. सोड्याच्या पाण्याने रक्ताचा पीएच फारसा बदलत नाही, फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे तो 7.35 ते 7.45 मध्ये धरून ठेवतात. बदलतो तो मुख्यतः लघवीचा. या सल्ल्याचे मूळ उंदरांवरच्या एका खऱ्या कामात आहे. 2009 मध्ये उंदरांना पाण्यातून भरपूर बायकार्बोनेट दिल्यावर गाठीभोवतीची आम्लता कमी झाली आणि कॅन्सरचे पसरणे घटले. मूळ गाठीच्या वाढीवर फारसा फरक पडला नाही. माणसांत त्या प्रमाणात सोडा रोज पिणे चवीने आणि पोटाच्या त्रासानेच अवघड होते. शिवाय एक चमचा सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण दोन ग्रॅमच्या आत राहा म्हणते. मावशींना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे पाणी त्यांनी आजच बंद करावे. नसेल तरी त्याचा उपयोग काही नाही. आणि आजवर घेत असतील तर ऑन्कॉलॉजिस्टना तसे सांगावे, कारण एर्लोटिनिबसारखी कॅन्सरची काही औषधे पोटातले आम्ल कमी झाले की नीट शोषली जात नाहीत. टॅमॉक्सिफेनच्या बाबतीत खरी काळजी वेगळ्या औषधांची आहे. यकृतातले सीवायपी-2डी-6 हे विकर टॅमॉक्सिफेनपासून एंडॉक्सिफेन हे त्याचे जास्त प्रभावी रूप बनवते, आणि पॅरॉक्सेटिन व फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे त्या विकराला अडवतात. मावशी झोपेसाठी किंवा मनाच्या त्रासासाठी कुठली गोळी घेत असतील तर ती स्वतःहून बंद करू नये. तिचे नाव चिठ्ठीवर लिहून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवावे. गरज वाटली तर ते या विकराला न अडवणारे दुसरे औषध देऊ शकतात.